संडासातून रक्त गेलंय पण पेशंट चालत आलाय: घरी सोडायचं का ठेवून घ्यायचं?

रात्री दीड-दोनच्या सुमाराला कॅज्युअल्टीत असा पेशंट हमखास येतो. स्वतःच्या पायाने येतो, टेबलावर बसतो, आणि आपण काही विचारायच्या आत तोच निदान सांगून मोकळा होतो, "मूळव्याधच आहे साहेब, जुनीच आहे, जरा गोळी द्या म्हणजे जातो." आपणही झोपेत असतो, बाहेर अजून चार जण बसलेले असतात, मग गोळी, मलम, इसबगोल लिहून दिलं की संपलं. नाहीतर याच्या बरोब्बर उलटं, रक्त म्हटलं की घाबरून सरसकट ॲडमिट, मग दोन दिवस सलाईन लावून तो बेड अडवून बसतो आणि खरंच रक्त जाणारी आजी व्हरांड्यात गादीवर.

दोन्ही प्रकार मी केलेत. म्हणून नव्याने कॅज्युअल्टी ड्युटी लागलेल्या इंटर्न आणि मेडिकल ऑफिसर मंडळींसाठी हे लिहितोय. मोठ्या माणसांपुरतंच लिहितोय, लहान मुलांचं गणित वेगळं असतं. आणि तुम्ही डॉक्टर नसाल, तुम्हालाच रक्त जात असेल, तर हे वाचून घरी हिशोब करत बसू नका, जाऊन दाखवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. घरी सोडायचं का हे ठरवायला ओकलंड नावाचा स्कोअर आहे, चांगला आहे, खाली सविस्तर सांगतोच. पण आपल्याकडे स्कोअर काढायच्या आधी तीन कामं आणि काढल्यावर दोन कामं असतात, आणि घोळ होतो तो त्या पाच कामांत, बेरजेत नाही.

पहिलं काम: हा पेशंट या रांगेतला आहेच का

आल्या आल्या पल्स आणि बीपी. पल्स मशीनवरची नको, मनगट धरून मोजा, हात गार आहे का, घाम आहे का तेही त्यातच कळतं. मग पल्सला वरच्या बीपीने भागा. याला शॉक इंडेक्स म्हणतात. पल्स ११० आणि बीपी १०० असेल तर १.१. एकच्या वर गेला की तो पेशंट अस्थिर, घरी पाठवायचा विषयच बंद, शिरेत दोन मोठे व्हेनफ्लॉन, ब्लड ग्रुप क्रॉसमॅच, आणि जिथे सीटी अँजिओग्राफी होते तिथे फोन. ब्रिटनच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये पण सुरुवात इथूनच आहे. फक्त एक लक्षात ठेवा, पेशंट मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल घेत असेल तर त्याची पल्स वाढतच नाही, त्यामुळे ६६ ची पल्स बघून खूश व्हायचं कारण नाही. बीपीची गोळी चालू आहे म्हणाला की पाकीट बघा. पाकीट नसेल तर घरी फोन लावून नाव वाचून घ्या.

पडून नॉर्मल असेल तर उभं करून परत बीपी घ्या. तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने उतरलं किंवा गरगरायला लागलं तर तो ठीक नाही, "चालत आला" म्हणून काही उपयोग नाही. उभं करताना बाजूला वॉर्डबॉय मामांना थांबवा, पडला तर डोकं फुटायचं.

मग कारणाकडे. हे घरी सोडायचं गणित ज्यांच्यासाठी अजिबात नाही ती माणसं आधीच बाजूला काढा. लिव्हर खराब आहे, पोटात पाणी आहे, रोज दारू आहे, डोळे पिवळे आहेत – ठेवा. ताप आणि रक्त एकत्र, विशेषतः पावसाळ्यात – डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड डोक्यात आणा आणि ठेवा. टायफॉइडमध्ये आतड्याच्या अल्सरमधून रक्त साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येतं, तोवर पेशंटला "ताप तर उतरत आला होता" असंच वाटत असतं. म्हाताऱ्या माणसाचं आधी पोट जोरात दुखलं आणि मग रक्त गेलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडला असेल, ठेवा. आठ-दहा दिवसांपूर्वी कोलोनोस्कोपीत पॉलिप काढलाय का तेही विचारा, तिथून रक्त उशिरा, दोन आठवड्यांपर्यंत सुद्धा येऊ शकतं. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शी आणि त्याबरोबर पल्स ९० च्या वर, ताप ३७.८ सेल्सिअसच्या वर किंवा हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, यातलं एक जरी असलं तरी तो अल्सरेटिव्ह कोलायटिसचा (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येणाऱ्या आजाराचा) सिव्हिअर अटॅक धरायचा. ट्रूलव्ह आणि विट्सचे हे निकष १९५५ चे आहेत, अजून चालतात. आणि कोकणात ड्युटी असेल तर एक आगाऊपणाचा सल्ला, हिरड्यातून पण रक्त येतंय, लघवी पण लाल आहे म्हणाला तर पाय नीट बघा. फुरसं चावल्याचं प्रत्येकाला कळतंच असं नाही. साध्या कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवा, गोठलं नाही तर हा लेख बंद करा आणि विषाच्या इंजेक्शनच्या मागे लागा.

दुसरं काम: रंग स्वतः बघा

पेशंट "रक्त गेलं" म्हणतो त्यात काहीही असू शकतं. एकदा एक काका अख्खं घर घेऊन आले होते, संडास लाल झाला म्हणून, शेवटी निघाली दुपारची बीटाची कोशिंबीर. तर रंग विचारायचा कसा? "लाल की काळं" एवढंच विचारलं तर बहुतेक जण "काळपट लाल" म्हणतात आणि आपण तिथेच अडकतो. मी उदाहरणं देऊन विचारतो. जास्वंदीसारखं लालभडक, का कोकमाच्या आगळासारखं, का डांबरासारखं काळं आणि चिकट? शीच्या वर रेघ होती, का शीत मिसळलेलं, का शी नव्हतीच नुसतं रक्तच? भांड्यात टपटप पडलं का नंतर पुसताना दिसलं? गाठी होत्या का, केवढ्या? हल्ली तर बरेच जण मोबाइलवर फोटो काढून आणतात, लाजतात दाखवायला, पण विचारलं की दाखवतात. तो फोटो दहा प्रश्नांचं काम करतो.

डांबरासारखी काळी शी म्हणजे रक्त वरून, जठरातून किंवा ड्युओडेनममधून (लहान आतड्याच्या सुरुवातीतून). त्याला वेगळा स्कोअर आहे, ग्लासगो-ब्लॅचफोर्ड, तो शून्य किंवा एक आला तरच घरी. आणि गंमत अशी की खूप जोरात रक्त जात असेल तर वरचं रक्त पण खाली येईपर्यंत लालच राहतं. लाल रक्त घेऊन येणाऱ्यांपैकी १० ते १५ टक्के लोकांत उगम वर असतो. म्हणून गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या किती दिवस चालू आहेत हे विचाराच, आणि "पेनकिलर घेता का" असं नका विचारू, "दुखण्याची गोळी कुठली घेता" असं विचारा. पहिल्याला उत्तर नाही येतं, दुसऱ्याला पुडी बाहेर येते.

तिसरं काम: बोट

इथे बरेच जण टाळाटाळ करतात. पडदा ओढा, बाईपेशंट असेल तर सिस्टरला सोबत घ्या, काय करणार आहे ते आधी सांगा, डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. आधी नुसतं बघा. बाहेर फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर, दिसतंय, हात लावला तरी कळवळतोय, तर जबरदस्तीने बोट घालू नका, फिशर दिसलं हीच माहिती झाली. नाहीतर ग्लोव्हला भरपूर जेली, सावकाश आत, चारी बाजूंनी फिरवा, गाठ लागते का बघा, आणि बाहेर काढल्यावर लगेच ग्लोव्ह फेकू नका. लाइटखाली धरा. पिवळी शी आणि बाजूला एक लाल रेघ, का सगळं बोट मरून रंगाचं, का काळं? माझं अर्धं मत तिथेच बनतं. प्रॉक्टोस्कोप (आत बघायची छोटी नळी) असेल तर घाला, मूळव्याधीचा कोंब आणि त्यातून रक्त येताना दिसलं तर गोष्ट वेगळी. पण कोंब दिसला म्हणजे रक्त त्यातूनच आलं असं नाही हं! मूळव्याध इतकी कॉमन आहे की कॅन्सरच्या पेशंटलाही ती असतेच. बोटाला लागणारा रेक्टमचा (गुदाशयाचा) कॅन्सर सहा-सहा महिने मूळव्याधीच्या मलमावर काढलेले पेशंट मी बघितलेत, आणि केसपेपर चाळले तर कुठेही पीआर (हीच बोटाची तपासणी) केल्याची नोंद नाही. बोर्ड लावून "बिना ऑपरेशन मूळव्याध" करणारे तर सोडाच, त्यात आपलेही केसपेपर होते.

आता स्कोअर

नाव ओकलंड. २०१७ ला आला, ब्रिटनमधल्या १४३ हॉस्पिटलांच्या २०१५ च्या ऑडिटवरून बनवला, २५२८ पेशंट होते. सुरक्षित म्हणजे काय तेही त्यात ठरवलंय: परत रक्त गेलं नाही, रक्त चढवावं लागलं नाही, एंडोस्कोपी-ऑपरेशनने थांबवावं लागलं नाही, मृत्यू नाही, आणि २८ दिवसांत याच कारणासाठी परत ॲडमिट नाही. म्हणजे "जिवंत राहिला" एवढाच हलका अर्थ नाही.

सात गोष्टी, मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. वय ४० च्या आत शून्य, ४० ते ६९ एक, ७० आणि वर दोन. बाई शून्य, पुरुष एक. आधी याच कारणाने ॲडमिट झाला असेल तर एक. पीआरला बोटाला रक्त असेल तर एक. पल्स ७० च्या खाली शून्य, ७० ते ८९ एक, ९० ते १०९ दोन, ११० आणि वर तीन. वरचं बीपी १६० किंवा वर शून्य, १३० ते १५९ दोन, १२० ते १२९ तीन, ९० ते ११९ चार, ९० च्या खाली पाच. आणि हिमोग्लोबिन, खरी मेख इथे आहे: १६ किंवा वर शून्य, १३ ते १५.९ चार, ११ ते १२.९ आठ, ९ ते १०.९ तेरा, ७ ते ८.९ सतरा, सातच्या खाली बावीस. एकूण ३५. मूळ पेपरात हिमोग्लोबिन लिटरमागे ग्रॅममध्ये दिलंय म्हणजे १३०, १६० असे आकडे, आपल्या रिपोर्टला दहाने गुणायचं. एका इंटर्नने ॲपमध्ये १२ टाकलं आणि स्कोअर बघून त्याला घामच फुटला!

बेरीज आठ किंवा कमी तर सुरक्षितपणे घरी जाण्याची शक्यता ९५ टक्के. नंतर अमेरिकेत १४० हॉस्पिटलांतल्या ३८,०६७ पेशंटवर तपासला, तिथे आठच्या कटऑफला सेन्सिटिव्हिटी ९८.४ टक्के आली पण स्पेसिफिसिटी फक्त १६. म्हणजे आठच्या खालचा पेशंट बहुतेक ठीकच असतो, पण ठीक असलेले पुष्कळ जण आठच्या वरच अडकतात. दहा धरलं तर हेच आकडे ९६ आणि ३१.९. २०२३ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये पण आठच धरलाय आणि मी पण आठच धरतो.

तीन पेशंट घेऊ, म्हणजे कळेल.

एक फरशीवाला, ३४ वर्षांचा, बद्धकोष्ठ, जोर केल्यावर टपटप लाल. बोटाला काही नाही, प्रॉक्टोस्कोपीत कोंब. पल्स ७६, बीपी १३२, हिमोग्लोबिन १४.२. वय शून्य, पुरुष एक, पल्स एक, बीपी दोन, हिमोग्लोबिन चार. आठ. घरी.

दुसरी बाई, ३८ वर्षांची, फिशर डोळ्यांनी दिसतंय, शीवर रेघ, पुसताना कागदाला लाल. पल्स ८२, बीपी ११२, हिमोग्लोबिन १०.४. हिशोब करा: एक, चार, तेरा. अठरा! स्कोअरप्रमाणे ही त्या फरशीवाल्याच्या दुपटीहून जास्त धोक्यात. पण तिच्या पिशवीतल्या जुन्या रिपोर्टात तीन महिन्यांपूर्वीचं हिमोग्लोबिन १०.६ आहे आणि बीपी तिचं कायमच ११० असतं. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक आहेत हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय, ब्रिटनच्या पेशंटवर बनवलेल्या स्कोअरला त्याचं काय? तो बिचारा प्रत्येक कमी हिमोग्लोबिन आजच्या रक्तस्रावाच्याच खात्यावर टाकतो. म्हणून आपल्याकडे जुना रिपोर्ट सगळ्यात महत्त्वाचा. बाळंतपणाचं कार्ड, रक्तदानाचं कार्ड, कंपनीचं मेडिकल, काहीही चालेल. जुनं आणि नवं सारखंच असेल, कारण डोळ्यांनी दिसत असेल, तर तिला चार-सहा तास बसवून हिमोग्लोबिन परत करा आणि ते हललं नाही तर सिनिअरला विचारून सोडा. पण हे स्कोअरच्या जिवावर नाही, आपल्या जबाबदारीवर, आणि केसपेपरवर तसं स्पष्ट लिहून. जुना रिपोर्ट नसेल तर मी ठेवून घेतो. उगाच हुशारी नाही.

तिसरे आजोबा, ७२ वर्षांचे. न दुखता एकदम दोन वेळा भरपूर रक्त गेलं, गाठी होत्या, आता थांबलंय. पल्स ६६, बीपी १३८, हिमोग्लोबिन १३.१, बोटाला रक्त. दोन, एक, एक, शून्य, दोन, चार. दहा. माझ्याबरोबरचा म्हणाला दहा पण चालतं की अमेरिकेच्या पेपरात, आजोबा पण चहा मागत होते. पण मेटोप्रोलोल चालू, म्हणजे ती ६६ खोटी, आणि हार्टबीट अनियमित म्हणून ॲपिक्साबॅन चालू. रक्त पातळ करायच्या गोळ्यांना या स्कोअरमध्ये एकही मार्क नाही, लक्षात ठेवा. असं न दुखता, एकदम आणि भरपूर जाणारं रक्त बऱ्याचदा डायव्हर्टिक्युलमचं (आतड्याच्या भिंतीला आलेल्या छोट्या पिशवीचं) असतं, ते आपोआप थांबतं आणि आपोआप परत सुरू होतं. ठेवले. पहाटेपर्यंत अजून तीनदा गेलं, सकाळी हिमोग्लोबिन ९.२. रात्री सोडले असते तर त्यांच्या गावातून परत यायला पहिली एसटी सहाला.

हिमोग्लोबिनबद्दल अजून एक. ताजं रक्त गेलं की पहिले काही तास आकडा पडतच नाही, कारण जे उरलंय ते घट्टच असतं. सलाईन आणि शरीरातलं पाणी आत आल्यावर तो खरं बोलतो. म्हणून रक्त जास्त गेल्याची गोष्ट पटत असेल आणि आकडा छान असेल, तर आकड्यापेक्षा गोष्टीवर विश्वास ठेवा. चार तासांनी परत करा.

स्कोअर झाल्यावर: गोळ्यांचं काय

दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, बंद. यात चर्चा नाही. ॲस्पिरिनचं मात्र बघून. नुसती "हार्टसाठी चांगली असते" म्हणून कोणीतरी सुरू केलेली असेल, आधी अटॅक नाही, स्टेंट नाही, तर बंद आणि परत सुरूच करू नका. अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे, तर ॲस्पिरिन चालू ठेवायची. स्टेंटवाल्याच्या दोन गोळ्या असतील तर कार्डिओलॉजिस्टला फोन केल्याशिवाय हात लावायचा नाही, स्टेंट बंद पडला तर रक्तस्रावापेक्षा लवकर जीव जातो. आणि वॉर्फरिन किंवा नवीन पातळ करायच्या गोळ्या चालू असलेला पेशंट मी रात्री घरी सोडतच नाही, मग स्कोअर काहीही येवो. कारण गोळी थांबवली तर ती परत कधी सुरू करायची हे ठरवून, लिहून द्यावं लागतं, ते रात्री दोनला होत नाही, आणि लिहिलं नाही तर पेशंट वर्षभर बंदच ठेवतो आणि मग पॅरालिसिस घेऊन येतो.

घर कुठे आहे

हे कुठल्या स्कोअरमध्ये नाही पण मी विचारतोच. घरी कोण आहे? एकटाच भाड्याच्या खोलीत राहणारा असेल तर सकाळपर्यंत बसवून ठेवा. किती लांब? रात्री परत यायला गाडी आहे का, १०८ ला फोन करायला रेंज आहे का? संडास घरात आहे का लांब, लाइट आहे का? अंधारात रंग दिसत नाही, हे आपल्याला शहरात सुचत नाही. सहा स्कोअरचा पण पाड्यावर राहणारा पेशंट मी सकाळी सोडतो. सिस्टर कुरकुरतात, एक रात्र बेड जातो, जाऊ दे.

आणि सोबत आलेल्या माणसाला समोर बसवून सांगा, फक्त पेशंटला नाही. कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात: परत अर्धा कप किंवा जास्त रक्त गेलं, गाठी पडल्या, उभं राहिल्यावर चक्कर, अंग गार आणि घाम, छातीत दुखलं किंवा दम लागला, पोट जोरात दुखायला लागलं, ताप आला, तर वाट न बघता परत या, रात्र असली तरी. "जास्त रक्त" असं लिहू नका, कोणाला एक थेंब जास्त वाटतो आणि कोणाला एक तांब्या पण चालतो. कप लिहा.

त्याच कागदावर पुढची तारीख. "दाखवायला या" असं लिहिलं तर कोणी येत नाही, वार आणि तारीख टाका, ओपीडी किती नंबर ते पण. ५० च्या वर आणि कारण पक्कं सापडलेलं नाही त्यांची कोलोनोस्कोपी दोन आठवड्यांत व्हायला हवी असं ब्रिटनची गाइडलाइन म्हणते, कारण अशा रक्तस्रावाच्या पेशंटमध्ये साधारण ६ टक्क्यांत आतड्याचा कॅन्सर निघतो. आपल्याकडे तालुक्याला कोलोनोस्कोपी नसते, जिल्ह्याला नंबर लागतो, म्हणून मी रेफरल चिठ्ठी त्याच रात्री लिहून हातात देतो. वय कमी असलं तरी वजन उतरलंय, शीची सवय बदललीय, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर होता, किंवा गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) घेतला होता, तर चिठ्ठी द्याच. शेकाने रेक्टम सुजून वर्षा-दोन वर्षांनी पण रक्त येतं आणि त्या बाया ते मूळव्याधीत काढतात.

केसपेपरवर काय लिहायचं? शॉक इंडेक्स, उभं राहून घेतलेलं बीपी, पीआरला काय दिसलं, स्कोअर आणि त्याचे सात आकडे सुटे सुटे, जुनं हिमोग्लोबिन, गोळ्यांचं काय सांगितलं, कोणासोबत गेला. पाच ओळी होतात. पेशंट स्वतःच्या हट्टाने जात असेल तर डामाची (सल्ला न मानता जातोय अशी) सही घ्या, पण सही घेतली म्हणून कागद आणि सूचना द्यायचं टाळू नका, उलट त्यालाच जास्त लागतात.

आणि एक छोटीशी गोष्ट, जी मला एका मावशींनी शिकवली. त्यांना फिशर होतं, स्कोअर वगैरे सगळं बघून, जुना रिपोर्ट जुळवून घरी सोडलेल्या, सोबत लोहाच्या गोळ्या लिहून दिलेल्या. चौथ्या दिवशी रात्री अकराला रिक्षा करून हजर, घाबरून पांढऱ्याफटक, कारण माझ्याच कागदावर लिहिलं होतं काळी शी झाली तर लगेच या. काळी झालीच होती, लोहाच्या गोळीने होतेच, पण चिकट नव्हती, वास नव्हता, हिमोग्लोबिन होतं तेवढंच. रिक्षाला साडेतीनशे गेले म्हणून मुलगा मला बोलला, बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून लोहाची गोळी मी कोलोनोस्कोपी होईपर्यंत लांबवतो, आणि द्यायचीच असेल तर कागदावर वेगळी ओळ असते: गोळीने शी काळी होईल, डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तरच पळत या.